अंधारातील भागीदार

जळगाव जिल्ह्यात, चोपडे तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव नावाचे स्थान आहे. तेथे जमिनीतून ऊन पाण्याचा झरा वाहतो. चूल नाही, जाळ नाही; मग हे पाणी तापले कसे, असा प्रश्न तेथे जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनात येतो. त्याचे उत्तर पृथ्वीच्या पोटात आहे. खडकांच्या भेगांतून खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते.

विद्यार्थ्यांनो, असेच ऊन पाण्याचे झरे महासागराच्या तळाशीही आहेत. त्या झऱ्यांच्या काठी एक विलक्षण जीवसृष्टी नांदते. तिची कथा आज आपण ऐकू.

१९७७ साली शास्त्रज्ञांची एक तुकडी पॅसिफिक महासागरात, गालापागोस बेटांजवळ, हे झरे शोधण्यास गेली. 'ॲल्विन' नावाच्या लहानशा पाणबुडीतून ते सुमारे २,५०० मीटर खोल उतरले. तेथे सूर्याचा एक किरणही पोचत नाही. जेथे प्रकाश नाही तेथे हिरवी वनस्पती नाही आणि जेथे वनस्पती नाही तेथे प्राण्यांचा निर्वाह व्हावा तरी कसा? तो प्रदेश ओसाड असणार, अशीच सर्वांची समजूत होती. म्हणून त्या तुकडीत भूगर्भशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता.

परंतु दिव्याच्या उजेडात त्यांना दिसले ते दृश्य काही वेगळेच होते. झऱ्याभोवती मोठमोठे शिंपले पसरले होते. खेकडे हिंडत होते. पांढऱ्या नळ्यांचे जणू एक बेटच तेथे उगवले होते आणि प्रत्येक नळीच्या टोकातून लालभडक तुरा डोलत होता. हे होते नळीकृमी. त्यांपैकी काही दोन मीटरांपर्यंत, म्हणजे उंच माणसाहूनही अधिक, वाढतात.

हे कृमी वर आणून त्यांचा अभ्यास झाला, तेव्हा शास्त्रज्ञ अधिकच बुचकळ्यात पडले. या प्राण्याला तोंड नव्हते. पोट नव्हते. आतडेही नव्हते! मग तो खातो काय, आणि कसे?

१९८० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात या कृमींचे अभ्यासक मेरेडिथ जोन्स यांचे व्याख्यान चालू होते. कृमीच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आढळतात, असे त्यांनी सांगितले मात्र, श्रोत्यांमधून कोलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उठून उभी राहिली. 'मग याच्या शरीरात गंधकावर जगणारे जिवाणू असले पाहिजेत,' असे तिने सुचविले. तिचे शिक्षण अद्याप पुरे व्हावयाचे होते. पण तिचा तर्क अचूक होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो कृमीच्या शरीरातील एका मऊ अवयवात अब्जावधी जिवाणू दाटीवाटीने भरलेले! १९८१ साली हा शोध प्रसिद्ध झाला.

हे जिवाणू काय करतात? झऱ्याच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू विरघळलेला असतो. सडक्या अंड्याला जी घाण येते ती याच वायूची. आपणांस तो विषारी आहे. परंतु प्राणवायूशी त्याचा संयोग घडवून हे जिवाणू शक्ती मिळवितात आणि त्या शक्तीच्या बळावर कर्बवायूपासून अन्न तयार करतात. झाडाचे पान जे काम सूर्याच्या बळावर करते, तेच काम हे जिवाणू गंधकाच्या बळावर करतात. असे जिवाणू असतात हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८८७ सालीच दाखविले होते. परंतु एवढ्या मोठ्या प्राण्याचे पोट ते भरत असतील, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

या भागीदारीत कृमी केवळ आयते खात नाही. त्याच्या रक्तात एक लाल द्रव्य असते. ते तुऱ्यातून प्राणवायू व तो विषारी वायू असे दोन्ही घेते आणि जिवाणूंपर्यंत सुखरूप पोचविते. कृमी देतो घर आणि कच्चा माल. जिवाणू देतात अन्न. आणखी एक नवल असे, की कृमीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्याजवळ हे जिवाणू नसतात. ते आसपासच्या पाण्यातून त्याच्या त्वचेवाटे आत शिरतात. भागीदार भेटला तर तो जगतो. न भेटला तर त्याला दुसरा आधार नाही.

ही गोष्ट फार दूरची वाटते ना? मग श्रावणात एखाद्या शेतात जा आणि मुगाचे एक रोप हलक्या हाताने, मातीसकट उपटून पाहा. त्याच्या मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. ती आतून गुलाबी असेल. त्या गाठीतही जिवाणू असतात आणि तेही मातीतून मुळात शिरलेले असतात. हवेतील नत्र ते रोपाला मिळवून देतात व मोबदल्यात रोपाची साखर घेतात. गाठीतील तो गुलाबी रंग नळीकृमीच्या लाल द्रव्याच्या जातीचाच आहे. इतकेच काय, आपल्या रक्ताची लालीही त्याच कुळातली! मुगाच्या बेवडावर दादर ज्वारी जोमदार येते, हे खानदेशचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. त्याचे एक कारण या गाठींत दडलेले आहे.

आपल्या तापीचे पाणी सुरतेपलीकडे अरबी समुद्रास मिळते. तो समुद्र ज्या हिंदी महासागराचा भाग आहे, त्याच्या तळाशीही असे झरे आहेत. तेथे २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर लोहयुक्त खवले असतात आणि तीही पोटातील जिवाणूंच्या आधारे जगते. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा व चेन्नई येथील भारतीय शास्त्रज्ञांनी याच महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळविली.

या झऱ्यांभोवती तांबे, जस्त यांसारखे मौल्यवान धातू साठतात. ते काढावेत, असे अनेक देशांच्या मनात आहे. आपल्या देशानेही २०१६ साली अशा साठ्यांच्या शोधाचा आंतरराष्ट्रीय करार केला. परंतु खाणकामाच्या भयामुळे ती खवल्यांची गोगलगाय २०१९ साली संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेली आहे. धातू तर मनुष्यास हवेतच. पण ज्यांची ओळख आपणांस नुकतीच झाली, त्यांचे घर मोडावे काय? मोठेपणी या प्रश्नाचे उत्तर तुम्हांलाच द्यावयाचे आहे. ते देण्यापूर्वी मुगाच्या मुळाची ती गुलाबी गाठ एकदा आठवा.

स्वाध्याय

१. समुद्रतळ ओसाड असेल, असे शास्त्रज्ञांना का वाटत होते?
२. नळीकृमी व जिवाणू परस्परांस काय देतात?
३. मुगाचे रोप आणि नळीकृमी यांतील साम्य पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. 'बेवड' या शब्दाचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांस किंवा ओळखीच्या शेतकऱ्यास विचारून लिहा.