शासकीय इमारतींतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणा : नोकरीची पात्रता व तयारी



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक. शाखेतील धोक्याची घंटा विनाकारण वाजली की मेकॅनिकला फोन करायचा, एवढाच माझा यंत्राशी संबंध. तरी हा विषय घेण्याचे कारण घरचे आहे. माझ्या पुतण्याने दहावीनंतर एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा 'डिप्लोमा' केला. फीसाठी वहिनीने पोत गहाण ठेवली. पुढे शासकीय पदाची लेखी परीक्षा तो पास झाला, परंतु कागदपत्रांच्या तपासणीत डिप्लोमा मान्यताप्राप्त नाही म्हणून यादीतून नाव गेले. पोराने अभ्यास चोख केला होता. चौकशी करायची राहिली ती आम्हा मोठ्यांकडून. तशी वेळ दुसऱ्या घरावर येऊ नये, म्हणून प्रस्तुत लेख.

१) काम कोणते?

मोठ्या रुग्णालयात वा कार्यालयात वातानुकूलन, पाण्याचे पंप, लिफ्ट, जनरेटर, आगीची सूचना देणारी यंत्रणा व दरवाज्यांची कुलपे आता एकमेकांशी जोडलेली असतात. संवेदक म्हणजे सेन्सर तापमान, दाब, धूर यांची खबर देतो. नियंत्रक ती तपासून हुकूम सोडतो. मोटार वा व्हॉल्व्ह तो पाळतो. धूर कळताच घंटा वाजावी, हवा खेळविणारे पंखे थांबावेत, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडावी, अशी ही साखळी असते. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून १९७९ पासून मॉडबस आणि १९९५ पासून बॅकनेट या ठरावीक पद्धती आहेत.

हे काम किती जबाबदारीचे आहे, हे आपल्या राज्याने दुःखाने पाहिले आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके दगावली.

२) एक छोटे उदाहरण

अनेक संवेदक आपली खबर ४ ते २० मिलिअॅम्पिअर विद्युतप्रवाहाने देतात. समजा, संवेदक ० ते ५० अंश सेल्सिअसचा आहे. मग ४ म्हणजे ० अंश, २० म्हणजे ५० अंश आणि मधला १२ म्हणजे २५ अंश. अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवरील संवेदकाने १८ दाखविले, तर १८ मधून ४ वजा करून १४. त्याला १६ ने भागून ५० ने गुणले की ४३.७५ अंश. आता प्रवाह शून्य दाखविला तर? सर्वात कमी तापमानालाही ४ यायला हवेत. म्हणून शून्य दिसताच तार तुटली असावी किंवा पुरवठा गेला असावा, हे जाणकार ओळखतो. सुरुवात ४ पासून ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे. एवढे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही येते.

३) पात्रता

अमेरिकेच्या संघ शासनात 'इलेक्ट्रॉनिक इंटिग्रेटेड सिस्टिम्स मेकॅनिक' असे स्वतंत्र पद आहे. तेथे उमेदवार प्रत्यक्ष काय करू शकतो यावर भर असतो. आपल्याकडे हे काम प्रामुख्याने सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे येते. म्हणून जाहिरातीत वीजतंत्री, तारतंत्री, कनिष्ठ अभियंता (विद्युत) ही नावे शोधावीत. वाटा तीन आहेत.

अ) आय.टी.आय. : दहावीनंतर वीजतंत्री, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, वातानुकूलन मेकॅनिक हे २ वर्षांचे व्यवसाय आहेत. अमरावती व अकोला येथे शासकीय आय.टी.आय. आहेत. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील प्रशिक्षण अवश्य पूर्ण करावे.

आ) पदविका : दहावीनंतर ३ वर्षे. अमरावतीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. आय.टी.आय. झालेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे. विद्युत पदविकेवर राज्यात कनिष्ठ अभियंता होता येते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागासाठी कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा असते. तिच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत २०० पैकी १०० गुण अभियांत्रिकीचे असतात.

इ) पदवी : अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे. पदवीनंतर लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा देता येते.

मात्र जाहिरातीत 'विद्युत' असे लिहिले असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स वा इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका चालेलच असे नाही. शाखा निवडण्यापूर्वी मागील दोन-तीन जाहिराती वाचाव्यात.

४) कागदपत्रे

पदविकेला महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी पाहावे. राज्याच्या भरतीत मागासवर्गीय उमेदवाराला जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्रही लागते. केंद्राच्या नोकरीसाठी जात प्रमाणपत्राचा नमुना वेगळा असतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राची सवलत १९९० च्या दुरुस्तीने मिळाली, त्यामुळे त्या नमुन्यातील मजकूर नीट तपासून घ्यावा. वयाची सवलत केंद्रात ५ वर्षांची आहे. हे सर्व दाखले जाहिरात निघण्याआधीच काढून ठेवावेत. शेवटच्या आठवड्यात तहसीलच्या चकरा मारून काम होत नाही.

५) तयारी

ओहमचा नियम, रिले, मोटार स्टार्टर, मल्टिमीटरचा वापर आणि तारांचे आराखडे वाचणे हा पाया. त्यावर संगणकाचे जाळे व नियंत्रकाची ओळख. इंग्रजी माहितीपुस्तिका रोज एक पान, शब्दकोश जवळ घेऊन वाचावी.

पूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. त्या क्षेत्रात आपली मुले मात्र बी.ए. करून लिपिकाच्या जागेची वाट पाहतात. मीही तसाच बसलो होतो. मला जागा मिळाली, माझ्या बरोबरच्या कितीतरी जणांना मिळाली नाही.

पुतण्याने यंदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे, या खेपेस शासकीय आय.टी.आय.मध्ये. वय हाताशी आहे. समाजबांधवांना विनंती एवढीच की, मुलाची फी भरण्यापूर्वी एक दिवस चौकशीसाठी द्यावा. गरज वाटल्यास रविवारी माझ्याकडे यावे. जाहिरात सोबत आणावी, आपण मिळून वाचू.