स्मृती हरपली तरी सृजन उरते

मनुष्याचे आयुर्मान वाढले, ही विसाव्या शतकाची मोठी कमाई होय. या कमाईबरोबर काही नव्या जबाबदाऱ्याही समाजाच्या शिरावर आल्या आहेत. स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया झालेल्या वृद्धांची देखभाल ही त्यांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख व्यक्तींना हा विकार होता. आपल्या देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे त्या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना, तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडण्यात आला.

विकाराचे स्वरूप

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्याकडे प्रचलित आहे आणि वृद्धाच्या विसराळूपणाला म्हातारचळ म्हणून सोडून देण्यात येते. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ परिणाम नसून मेंदूच्या विकारांचा परिणाम आहे. त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा विकार. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूच्या तपासणीवरून त्याचे प्रथम वर्णन केले. हा विकार पूर्णपणे बरा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणून रुग्णाचा प्रत्येक दिवस कसा जातो, या प्रश्नाला विशेष महत्त्व येते.

या विकारात बहुधा अलीकडच्या घटनांची स्मृती प्रथम जाते. सर्वच क्षमता मात्र एकाच वेळी लोपत नाहीत. जुन्या गाण्यांची चाल, ताल आणि हाताला लागलेले वळण पुष्कळ काळ टिकून राहू शकते. भावनाही टिकतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या रुग्णांना चित्रपटांतील दुःखद व आनंददायक प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात प्रसंगांचा तपशील त्यांच्या स्मरणातून गेला. परंतु त्यातून उपजलेली उदासी वा प्रसन्नता मागे राहिली. ‘यांच्या काय लक्षात राहणार?’ असे म्हणून रुग्णाशी कसेही वागणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानी ठेवण्याजोगा आहे. झालेला अपमान आठवत नसला, तरी त्याचा सल उरतो.

मिलवॉकी येथील प्रयोग

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी हे शहर आहे. तेथील एका शुश्रूषागृहात १९९६ साली अॅन बास्टिंग या नाट्यअभ्यासक स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करीत होत्या. रुग्णांच्या पूर्वस्मृती जागवून त्यातून नाट्य उभे करावे, असा त्यांचा प्रयत्न होता. तो कित्येक आठवडे निष्फळ ठरला. अखेर त्यांनी एका नियतकालिकातील जाहिरातीचे पान फाडले. त्यावर एका घोडेस्वार गुराख्याचे चित्र होते. ‘आठवते का?’ असे न विचारता, ‘याला काय नाव द्यावे?’ असे त्यांनी विचारले. कोणी एका प्रसिद्ध नर्तकाचे नाव सुचविले. मग तो राहतो कोठे, खातो काय, याची उत्तरे येऊ लागली. एरवी गप्प बसणारी मंडळी बोलू व हसू लागली.

या अनुभवातून ‘टाइमस्लिप्स’ ही सामूहिक कथालेखनाची पद्धत विकसित झाली. पुढे मिलवॉकी येथीलच लूथर मॅनर या वृद्धनिवासात रहिवासी, कर्मचारी, विद्यार्थी व व्यावसायिक कलावंत यांनी ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यातील पेनेलोपीच्या कथेवर दीर्घकाळ काम केले आणि २०११ साली त्याच वास्तूत नाट्यप्रयोग सादर केला.

‘आठवा’ आणि ‘सुचवा’ या दोन शब्दांतील अंतर येथे लक्षात घेतले पाहिजे. ‘आजी, मला ओळखलेत का?’, ‘आज वार कोणता?’, ‘सकाळी काय जेवलात?’ हे प्रश्न आपण आपुलकीनेच विचारतो. परंतु त्यांचे उत्तर एकच असते. ते न आले की वृद्ध व्यक्ती परीक्षेत नापास होते, ओशाळते आणि पुढे बोलणेच टाळते. कल्पनेच्या प्रश्नाला चुकीचे उत्तर नसते.

पाहणीचे निष्कर्ष

या पद्धतीची पाहणी वीस शुश्रूषागृहांत करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दहा गृहांत कथालेखन चालविले गेले. उरलेल्या दहांत नाही. कथालेखन झालेल्या गृहांतील रहिवासी अधिक सजग व सहभागी असल्याचे आढळले. कर्मचारी आणि रहिवासी यांच्यातील संवादही वाढला. तसेच, उपक्रमात भाग घेतलेल्या कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी अधिक अनुकूल होती.

कलेकडून अवास्तव अपेक्षा मात्र करू नयेत. तिने गेलेली स्मृती परत येत नाही. संगीतावर आधारित उपचारांविषयीच्या अभ्यासांचा २०१८ साली आढावा घेण्यात आला. त्यांनी औदासीन्याची लक्षणे कमी होण्यास बहुधा मदत होते; अस्वस्थता व आक्रमकता यांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही, असे त्यातून निष्पन्न झाले.

कार्यपद्धती

या उपक्रमास खर्च जवळजवळ नाही. आठ-दहा व्यक्तींना अर्धवर्तुळात बसवावे. सर्वांना दिसेल असे एक मोठे चित्र दाखवावे. ते ओळखीच्या व्यक्तीचे नसावे, अन्यथा पुन्हा स्मरणाची परीक्षा सुरू होते. ‘ही बाई कोठे निघाली असेल?’, ‘तिच्या गाठोड्यात काय असावे?’ असे मोकळे प्रश्न विचारावेत. येणारे प्रत्येक उत्तर मोठ्या कागदावर बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे; ते विसंगत वाटले तरी दुरुस्त करू नये. कोणी नुसता हुंकार दिला वा हातवारे केले, तर त्यांचीही नोंद घ्यावी. मधूनमधून कथा मोठ्याने वाचून दाखवावी व शेवटी प्रत्येकाचे आभार मानावेत. आठवड्यातून एकदा, सुमारे तासभर, एवढे पुरते. सणासुदीला एखादा करमणुकीचा कार्यक्रम करण्यापेक्षा असे सातत्य अधिक उपयुक्त होय.

आपल्याकडील शक्यता

या विषयाची जाण मराठी कलाजगताला आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची कथा आहे, डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे. प्रत्यक्ष कार्यासाठीही आपल्याजवळ साधनांची वाण नाही. जात्यावरील ओवी, भजनाचा ठेका, रांगोळीचे ठिपके, गोधडीचे टाके ही सर्व आपल्या वृद्धांच्या ओठी व हाती आहेत. एखादी आजी ओवीची ओळ विसरली, तर ती आठवून देण्याचा आग्रह न धरता पुढची ओळ तिलाच रचू द्यावी.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणविषयक २००७ च्या अधिनियमात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. वृद्धाश्रमाला भेट देणारे अधिकारी निवास, आहार व औषधे यांची तपासणी करतात. येथील वृद्धांना या आठवड्यात कोणी काही सुचवायला सांगितले काय, हेही त्यांनी विचारावे. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना कथा टिपून घेण्यास न्यावे. ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील भजनी मंडळ व महिला बचत गट यांना या कामी जोडून द्यावे. ज्या घरी असा रुग्ण आहे, तेथेही ही पद्धत तितकीच उपयोगी पडते.

नाव, गाव व नातीगोती विसरलेली व्यक्ती ही संपलेली व्यक्ती नव्हे. तिच्याजवळ अद्याप देण्यासारखे काही आहे, या विश्वासाने तिच्यापुढे बसणे, हे तिच्या शुश्रूषेचेच एक अंग मानले पाहिजे.