पेट्रोलचा काटा: जुन्या मोटारीतला दोष शोधण्याचा क्रम

जुन्या मोटारीतला पेट्रोलचा काटा चुकीची पातळी दाखवू लागला की बहुतेक मालक आधी डॅशबोर्डवरचे मीटर बदलतात. जुळणारे मीटर मिळवण्यात पैसा आणि वेळ जातो, आणि ते बसवल्यावरही काटा पूर्वीसारखाच वागतो. दोष बहुधा गंजलेल्या जोडात, तुटक्या अर्थमध्ये (बॉडीशी असलेल्या विद्युत जोडात) किंवा टाकीतल्या फ्लोटमध्ये असतो. म्हणून तपासणी सोप्या आणि बिनखर्चाच्या भागापासून सुरू करावी. मीटरवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

या यंत्रणेचे तीन भाग असतात: टाकीतले सेंडर युनिट, तिथून पुढे येणारी वायर आणि मीटर. सेंडरचा फ्लोट पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो, त्याच्या दांडीचे टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते आणि विद्युतरोध बदलतो. सेंडरचे सर्किट टाकीच्या पत्र्यातून गाडीच्या बॉडीशी जोडले जाऊन पूर्ण होते.

मीटर कोणत्या जातीचे आहे हे आधी ओळखावे लागते. दोन कॉइलच्या मीटरचा काटा इग्निशन चालू करताच झटकन जागेवर जातो. अशा मीटरवरची सेंडरची वायर काढली तर काटा ‘भरलेली’कडे जातो आणि ते टर्मिनल बॉडीला जोडले तर ‘रिकामी’कडे. बायमेटल मीटरचा काटा हळूहळू चढतो आणि त्याचे वागणे नेमके उलटे असते. 1965 पूर्वीच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना सुमारे 0 आणि भरलेली असताना 30 ओहम असे. फोर्डच्या बायमेटल यंत्रणेत तो रिकामीला सुमारे 73 आणि भरलेलीला 10 ओहम. एमजीबी या ब्रिटिश गाडीत 1964 च्या अखेरीस पहिली जात जाऊन दुसरी आली. त्यामुळे एका जातीच्या मीटरला दुसऱ्या जातीचे सेंडर जोडले तर दोन्ही नवे असूनही काटा चुकतो.

तपासणीची पहिली पायरी फ्यूजची. त्याच फ्यूजवरची इतर उपकरणे चालतात का ते पाहावे आणि फ्यूजची टोके घासून साफ करावीत. बायमेटल मीटरच्या गाडीत तापमानाचा काटाही त्याच वेळी चुकत असेल, तर व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासावा. मीटर बनवणाऱ्या स्मिथ्स कंपनीच्या यंत्रणेत तो सरासरी 10 व्होल्ट देतो, फोर्डच्या यंत्रणेत 5. त्याचा अर्थ सुटला की बॅटरीचा पूर्ण दाब पुढे जातो आणि दोन्ही काटे जास्त दाखवतात. अशा मीटरला थेट 12 व्होल्ट कधीही देऊ नयेत.

दुसरी पायरी मीटरची चाचणी. इग्निशन चालू ठेवून मीटरचे सेंडरकडचे टर्मिनल वायरच्या तुकड्याने बॉडीला टेकवावे. काटा आपल्या जातीप्रमाणे हलला तर मीटर चांगले आहे. बायमेटल मीटरमध्ये काटा चढू लागताच तुकडा काढावा. जास्त वेळ ठेवला तर आतली तार जळते. ही चाचणी डॅशबोर्डपाशीच करावी. टाकीजवळ पेट्रोलच्या वाफा असतात आणि तिथली एक ठिणगी जिवावर बेतते.

पुढे बॅटरीची वायर काढून मल्टीमीटरने मीटर ते टाकी ही वायर अखंड आहे का ते बघावे. मग टाकीचा अर्थ तपासावा. टाकीला नवा रंग दिल्यावर किंवा रबरी पट्ट्यांवर ती बसवल्यावर पत्र्याचा बॉडीशी संपर्क तुटतो. जोडाची जागा चकचकीत होईपर्यंत घासून सेंडरच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत वेगळी वायर ओढली की अनेक गाड्यांचा दोष इथेच संपतो.

एवढे करूनही काटा चुकत असेल तर सेंडर बाहेर काढावे. टाकीत पेट्रोल कमी असावे, जागा हवेशीर असावी आणि आसपास ज्योत किंवा विडी-सिगारेट नसावी. लॉक रिंग पितळी पट्टी आणि लाकडी हातोडीनेच फिरवावी. दांडी सावकाश हलवताना मल्टीमीटरवरचा आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तो तुटला तर तार झिजली आहे. पितळी फ्लोट हलवल्यावर आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे. तो बदलावा, आत वाफ असताना त्याला डाग देणे धोक्याचे असते. कॉर्कच्या फ्लोटवरचा लाखेचा थर अल्कोहोलमध्ये विरघळतो. भारतात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून असा फ्लोट भिजून बुडू लागतो. सेंडर परत बसवताना पॅकिंग नवेच घ्यावे.

शेवटी काट्याची पडताळणी करावी. टाकी जवळपास रिकामी असताना पाच-पाच लिटर पेट्रोल टाकत प्रत्येक वेळी काटा कुठे थांबतो ते वहीत लिहावे. वाचन कमी-जास्त आले तर फ्लोटची दांडी किंचित वाकवून ते जुळवता येते. ‘रिकामी’ची खूण मात्र थोडे पेट्रोल शिल्लक असतानाच यावी, म्हणजे पंपापर्यंत पोहोचता येते.