गणपूर्ती असेल तरच ठराव

मानवत



कापूस खरेदीच्या नोंदी पाच सर्व्हरवर ठेवायच्या आहेत, तर त्यांच्यात एकमत घडवायला कोणता अल्गोरिदम घेऊ, असं तू विचारलंस. नावं नंतर पाहू. आधी सांग, तुला भीती कशाची आहे? यंत्र बंद पडण्याची, की यंत्र खोटं बोलण्याची?

पाचही यंत्रं तुमच्याच ताब्यात आहेत. वीज जाईल, डिस्क जाईल, तार तुटेल. यंत्र गप्प होईल, लबाडी करणार नाही. पाचातली दोन पडली तरी उरलेल्या तिघांचं बहुमत टिकतं. चारांतही बहुमत तिघांचंच, म्हणून तिथे एकच पडलेलं चालतं. विषम संख्या धर. उद्या व्यापारी, जिनिंगवाले आपापली यंत्रं घेऊन आले आणि एकमेकांवर भरवसा नसला, तर गोष्ट वेगळी. तिथे एका लबाडाला पुरून उरायला चार यंत्रं लागतात. कॅस्ट्रो आणि लिस्कोव्ह यांची १९९९ ची रीत त्यासाठी आहे. आज ते ओझं घेऊ नकोस.

आता नावं. बंद पडणाऱ्या यंत्रांसाठी उरले दोन अल्गोरिदम, पॅक्सॉस आणि राफ्ट. लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉस १९९८ मध्ये छापून आला. भक्कम, पण डोक्यात उतरायला अवघड. ओंगारो आणि औस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट मांडला तो समजायला सोपा व्हावा म्हणूनच. तू राफ्ट घे. रात्री दोनला बिघाड झाला तर उठणाऱ्या पोराला तो कळला पाहिजे. आणि स्वतः लिहायला बसू नकोस. राफ्टवरच उभं असलेलं एटसीडी हे तयार सॉफ्टवेअर वापर.

आता खरी गोष्ट. आपल्या तालुक्यातल्या गावांत ग्रामसभा तू पाहिल्यास. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती गणपूर्ती लागते. माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अटच नाही. यंत्रांना ही सवलत कधीही देऊ नकोस. मी एकदा दिली होती. दोन केंद्रांमधली तार तुटली, वरून फोनवर फोन येत होते, म्हणून अल्पमतातल्या यंत्राला मी हाताने चालू ठेवलं. सकाळी दोन वह्या, दोन हिशेब. ते जुळवण्यात अकरा दिवस गेले, आणि काही नोंदी कायमच्या गेल्या.

इथल्या यार्डात शेतकरी काट्याच्या पावतीसाठी तासभर थांबतो. गाडीच्या सावलीत बसतो, चहा घेतो. पण एकाच गाडीच्या दोन पावत्यांवर दोन वजनं निघाली, तर तो पुन्हा तुझ्या पावतीवर विश्वास ठेवणार नाही. थांबण्याची लाज बाळगू नकोस.

काम सुरू करण्याआधी भर दिवसा दोन यंत्रांच्या तारा काढ. नोंदी चालू राहिल्या पाहिजेत. मग तिसऱ्याची काढ. नवी नोंद घ्यायचं थांबलं, तर मला फोन कर.

तुझा,
मामा