करिअर मातीत घालायचंय?

मित्रहो, शीर्षक वाचून दचकू नका. ‘पोरानं करिअर मातीत घातलं’ हे वाक्य आपल्याकडे ज्या अर्थानं वापरतात, त्या अर्थानं हा लेख नाही. माती हाच ज्यांच्या संशोधनाचा विषय आहे अशा लोकांबद्दल हा लेख आहे. तुमच्यापैकी कोणाला त्या वाटेनं जायचं असेल तर काय काय बघून जावं, तेही यात सांगणार आहे. दरवर्षी सातव्या सेमिस्टरला, प्लेसमेंटच्या धामधुमीत, एक-दोघं तरी लॅबच्या दारात येऊन दबक्या आवाजात विचारतात, "सर, एन्व्हायर्नमेंटमध्ये रिसर्च केला तर पुढे काय?" कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून इथे जरा सविस्तर.

आधी आपण सिव्हिलवाले मातीचं काय करतो ते आठवा. साइटवर गेल्यावर पहिलं काम म्हणजे वरची माती खरवडून काढायची, कारण त्यात पालापाचोळा, मुळं, कुजकं सगळं असतं आणि त्यावर पाया घालता येत नाही. मग खालचा नमुना लॅबमध्ये आणायचा आणि ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर दिवसभर ठेवायचा. पाणी किती होतं ते कळतं. त्यात जिवंत काय काय होतं, हा प्रश्न वायवामध्ये कोणी विचारत नाही. सॉइल इकॉलॉजी नेमकी त्या खरवडून टाकलेल्या थरापासून सुरू होते. जिवाणू, बुरशी, सूत्रकृमी, माइट्स, वाळवी, गांडुळं आणि मुळं यांचं एकमेकांशी आणि मातीशी काय चाललेलं असतं, त्याचा हा अभ्यास.

गंमत म्हणजे या शास्त्रात आपली पदवी गांडुळाला केव्हाच बहाल झालेली आहे. १९९४ साली क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचाक या तिघांनी ‘इकोसिस्टिम इंजिनियर’ ही कल्पना मांडली. जो जीव आपल्या वावरण्यानं आजूबाजूची रचनाच बदलतो आणि त्यामुळे इतरांना जागा, पाणी, अन्न मिळतं किंवा मिळेनासं होतं, तो इंजिनियर. गांडूळ बिळं करतं आणि त्या बिळांतून पावसाचं पाणी झपाट्यानं खाली जातं. आपण लॅबमध्ये परमिअ‍ॅबिलिटी काढतो ती साच्यात ठोकून भरलेल्या मातीची. तिच्यात बीळ नसतं! शेतातल्या मातीत आकडा वेगळा येतो तो काही अंशी या बिनपगारी इंजिनियरमुळे.

आता या विषयात अजून करण्यासारखं काही शिल्लक आहे का? भरपूर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरच्या ज्ञात-अज्ञात सजीवांच्या जातींपैकी सुमारे ५९ टक्के जातींचं घर मातीत आहे. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेतला कार्बन आणि झाडाझुडपांतला कार्बन यांची बेरीज केली तरी हा आकडा मोठाच. तो कार्बन तिथे टिकणार की हवेत जाणार, हे बऱ्याच अंशी त्या जिवांवर ठरतं. आणि आपण मोजतो काय? २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नाव ‘आरोग्य’ पत्रिका, पण बारापैकी एकही चाचणी मातीतल्या जिवांना थेट मोजत नाही. माझ्या मते यात कोणाची हयगय नाही. स्वस्त, झटपट आणि गावोगाव करता येईल अशी जैविक चाचणी सर्वमान्य झालेली नाही, इतकंच. हे काम जितकं बायॉलॉजीचं, तितकंच इन्स्ट्रुमेंटेशनचं आहे.

यंत्र बनवणाऱ्यांनी या शास्त्रात काय केलंय याचं एक उदाहरण सांगतो. मातीतले बहुतांश जिवाणू लॅबच्या बशीत वाढतच नाहीत, ही जुनी अडचण. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात स्लाव्हा एपस्टाइन आणि किम लुईस यांच्या गटांनी विचार उलटा केला. जिवाणू लॅबमध्ये वाढत नसेल तर लॅबच मातीत पुरू! त्यांनी शेकडो बारीक भोकं असलेली एक पट्टी बनवली, साधारण एका भोकात एक जिवाणू येईल अशी, आणि दोन्ही बाजूंना पातळ पडदा लावला. पडद्यातून अन्नद्रव्यं आत येतात, पण जिवाणू बाहेर जात नाही. पट्टी परत मातीत ठेवली. ‘आयचिप’ म्हणतात ते हेच, आणि त्यातूनच टेक्सोबॅक्टिन हे नवं प्रतिजैविक सापडल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या केमिकल विभागात प्रा. शंकर यांनी सांडपाणी शुद्ध करणारी ‘सॉइल बायोटेक्नॉलॉजी’ पद्धत विकसित केली. मातीसारख्या माध्यमाचा थर, त्यात जिवाणू आणि गांडुळं, वरून सांडपाणी सोडायचं. तेव्हा ‘आपण पडलो इंजिनियर, आपल्याला तिथे कोण विचारणार’ हा न्यूनगंड घरी ठेवा.

पण एक सवय मात्र बदलावी लागेल, आणि त्यावर थोडं थांबतो, कारण आपली मुलं हमखास इथेच अडकतात. काँक्रीटचे क्यूब आठवा. एका नमुन्यातून तीन क्यूब भरायचे, फोडायचे, सरासरी काढायची. ते तीन क्यूब त्या घाण्याबद्दल सांगतात. कंत्राटदार एकूण कसं काम करतो ते त्यातून कळत नाही, त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे, वेगवेगळे घाणे घ्यावे लागतात. मातीचंही तसंच. समजा, सेंद्रिय शेतात गांडुळं जास्त असतात हे दाखवायचंय. तुम्ही एका सेंद्रिय शेतात दहा खड्डे घेतले, एका रासायनिक शेतात दहा घेतले, सरासऱ्या काढल्या, टी-टेस्ट लावली, फरक आला. टाळ्या! पण तुम्ही सिद्ध केलं काय? ही दोन शेतं वेगळी आहेत, एवढंच. एक ओढ्याकाठी असेल, दुसरं माळावर असेल. नमुने वीस, पण शेतं दोनच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ असं नाव दिलं आणि कितीतरी छापलेल्या प्रयोगांत ती दाखवून दिली. दहा खड्ड्यांऐवजी दहा शेतं हवीत. म्हणजे दहा शेतकऱ्यांची परवानगी, दहा बांधांपर्यंतची एस.टी. आणि दहा ठिकाणचा चहा. या शास्त्रात वेळ कुठे जातो ते आता लक्षात आलं असेल.

त्यातून निघतो खरा हिशेब. आपल्याकडे गांडुळं वरच्या थरात भेटतात ती पावसाळ्यात. पुढे माती वाळली की ती खोल जातात किंवा गुंडाळी करून सुस्त पडून राहतात. म्हणजे नमुने घ्यायचा हंगाम वर्षातून एकदाच. फेलोशिप साधारण पाच वर्षांची. पहिला पावसाळा कोर्सवर्कमध्ये जातो, शेवटचा थिसिस लिहिण्यात. हातात उरतात तीन. त्यातल्या एखाद्या वर्षी पावसानं दडी मारली की उरले दोन! कॉम्प्युटरवाल्याचा प्रोग्राम रात्री अडला तर सकाळी परत चालवता येतो. इथे ‘परत’ म्हणजे पुढच्या जूनमध्ये. ज्याला हे ऐकूनच घाम फुटतो त्यानं या वाटेला जाऊ नये, त्यात कमीपणा काही नाही. मातीचे प्रयोग असेच लांबतात. डार्विननं गांडुळांवरचा पहिला निबंध १८३७ मध्ये वाचला आणि पुस्तक काढलं १८८१ मध्ये. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथला गव्हाचा प्रयोग १८४३ पासून आजही चालू आहे. आपल्याकडे आयसीएआरचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून चालू आहेत. अशा चालू प्रयोगाला जोडून घेणारा विद्यार्थी शहाणा, कारण त्याला मागच्या कित्येक पावसाळ्यांची नोंद आयती मिळते.

आता पैशाचं बोलू, कारण घरी पहिला प्रश्न तोच येणार. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.साठी जानेवारी २०२३ पासून जेआरएफला ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये, वर घरभाडं. आकडा बरा दिसतो, पण तो दर महिन्याच्या एक तारखेला येईलच असं नाही. कधी कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. घरी कर्जाचा हप्ता चालू असेल तर हे आधी आई-बाबांना स्पष्ट सांगा, लपवू नका. पुढे सहाय्यक प्राध्यापक झालात तर सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे. पण कायम जागा कमी निघतात, आणि सेट-नेट झालेली कितीतरी हुशार माणसं महाराष्ट्रात आज तासिका तत्त्वावर शिकवताहेत. हे चित्र माहीत असूनही जायचं असेल तर जा. माहीत नसताना जाऊ नका.

दारं कोणती उघडी आहेत? गेटमध्ये २०२१ पासून ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनियरिंग’ हा स्वतंत्र पेपर आहे, ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ हाही आहे, आणि तिसऱ्या वर्षातल्या मुलांनाही आता गेटला बसता येतं. आयआयएससी आणि काही आयआयटींमध्ये बी.ई. नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. नागपुरात तर दोन मोठ्या संस्था आहेत, नीरी आणि राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्था. भोपाळला भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे. बंद दारही सांगून ठेवतो: कृषी विद्यापीठांतल्या मृदाशास्त्राच्या बहुतेक जागांना कृषीचीच पदवी लागते. तिथे आपण सहसंशोधक म्हणून जाऊ शकतो, उमेदवार म्हणून बहुधा नाही. परदेशात नेदरलँड्स, जर्मनी, स्वीडन इथे पीएच.डी. ही बहुतेक वेळा पगारी नोकरीच असते, पण त्याआधी मास्टर्स लागतं. आणि उष्ण कटिबंधातल्या मातीची माहिती जगाकडे तोकडी आहे. २०१९ मध्ये ५७ देशांतल्या ६,९२८ ठिकाणांवरून गांडुळांचा जागतिक नकाशा झाला, त्यातही आपल्यासारख्या प्रदेशांतली ठिकाणं विरळच होती. काळ्या रानातला दहा शेतांचा नीट घेतलेला डेटा म्हणूनच किमती आहे.

गाईड निवडताना मात्र संस्थेच्या नावापेक्षा माणूस बघा. स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट माहीत असेलच. १९४३ मध्ये रटगर्स इथे सेल्मन वाक्समन यांच्या मातीच्या प्रयोगशाळेत, तळघरात काम करणाऱ्या अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्यानं ते वेगळं काढलं. श्रेय आणि रॉयल्टीवरून १९५० मध्ये विद्यार्थी गुरूविरुद्ध कोर्टात गेला. तडजोडीत तो सहसंशोधक ठरला, पण १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळालं. म्हणून गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा. किती वर्षं लागली, पेपरवर पहिलं नाव कोणाचं, सर फिल्डवर येतात का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

आणि अर्ज करण्याआधी हॉस्टेलवरच एक चाचणी घ्या, मातीची आणि स्वतःचीही. पाण्याची मोठी प्लॅस्टिकची बाटली आडवी कापा, वरचा भाग उलटा करून फनेलसारखा ठेवा, आत मच्छरदाणीची जाळी. जाळीवर झाडाखालचा ओलसर पालापाचोळा, खाली छोट्या बरणीत स्पिरिट. वर वीतभर अंतरावर २५ वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा, एलईडीनं पुरेशी ऊब येत नाही. बल्ब पाल्याला आणि स्पिरिटला चिकटू देऊ नका, खोलीत कोणी नसताना चालू ठेवू नका आणि रेक्टरना आधी सांगा. ऊब आणि कोरडेपणा टाळायला जीव खाली खाली सरकतात आणि बरणीत पडतात. रोज थोडा थोडा वेळ करून आठवड्याभरात मिळतं ते भिंगाखाली बघा. एवढ्याशा पाल्यातून निघालेली गर्दी पाहून रूम पार्टनर जेवायचा थांबेल!

दुसरी चाचणी केमिस्ट्री लॅबमध्ये, तिथल्या सरांसमोर. हवाबंद बरणीत ओली माती, तिच्यावर छोट्या कपात मोजलेलं सोडियम हायड्रॉक्साइड. माती श्वास सोडते, कार्बन डायऑक्साइड कपात शोषला जातो. दोन दिवसांनी बेरियम क्लोराइड घालून उरलेलं हायड्रॉक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लानं टायट्रेट करायचं, शेजारी बिनमातीची एक बरणी ब्लँक म्हणून. फर्स्ट इयरचंच टायट्रेशन! बेरियम क्लोराइड विषारी आहे, हात सांभाळा. हॉस्टेलमागच्या झाडांखालची माती आणि क्रिकेटच्या पिचची माती यांची तुलना करून बघा. झाडं किमान पाच वेगवेगळी घ्या. एकाच झाडाखालचे पाच डबे आणलेत तर मी परत पाठवीन, का ते वर लिहिलंच आहे.

जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतरचा आठवडा यासाठी उत्तम. गेटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, म्हणजे ठरवायला मधे दोन महिने मिळतात. भिंगं लॅबमध्ये चार आहेत, रजिस्टरमध्ये सही करून न्या.