चाकं रबराची, मग गाडीला अर्थिंग कुठून?

प्रश्न : आम्ही काही मंडळींनी मिळून एक जुनी मिनी बस घेतली. आत झोपायला बाकडी, दोन पंखे, ट्यूब, चार्जरचा बोर्ड आणि छोटा फ्रिज बसवून घेतला. रामनवमीला पोहरादेवी आणि एरवी शेगाव, पंढरपूर अशा वाऱ्या तिच्यातूनच होतात. दोन अडचणी आहेत. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात. दुसरी अडचण अशी की मुक्कामी कुणाच्या घरून वायर ओढून लाइट घेतली, की खाली उभं राहून दाराची कडी धरणाऱ्याला झिणझिण्या येतात. आत बसलेल्यांना काही होत नाही, जनरेटरवरही काही होत नाही. गॅरेजवाला म्हणतो, ‘अर्थिंग कमी आहे, टँकरसारखी मागे साखळी सोडा.’ रबरी चाकांच्या गाडीला अर्थिंग मिळतं तरी कुठून?
— एक वाचक, ता. मानोरा, जि. वाशिम

उत्तर : साखळी सोडू नका. तिने दोन्हींपैकी एकही दुखणं बरं होणार नाही. तुमच्या गाडीत विजेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत, एक बॅटरीची आणि एक घरून घेतलेल्या 230 व्होल्टची. दोन्हींचं अर्थिंग वेगळं आहे.

आधी ब्रेकचं पाहू. बॅटरीची ऋण तार चासीला बोल्टने कसलेली असते. दिव्यापर्यंत फक्त धन तार येते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. इथे जमिनीचा काही संबंधच नाही, त्यामुळे चाकं रबराची असोत की लाकडाची, फरक पडत नाही. मागच्या दिव्यात बहुधा 21/5 वॉटचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, 21 वॉटची ब्रेकला आणि 5 वॉटची पार्किंगला, पण दोघींचा अर्थ एकच. दिवा पत्र्याला जोडणारा बोल्ट गंजला की ब्रेकच्या करंटला पत्र्यात उतरता येत नाही. मग तो 5 वॉटच्या तारेतून उलटा पार्किंगच्या लाइनमध्ये शिरतो आणि डॅशबोर्डच्या दिव्यांतून वाट काढतो. म्हणून बटण बंद असतानाही ते दिवे मिणमिणतात. इंडिकेटरही त्याच गंजलेल्या बोल्टवर असल्याने मंद होतो.

खात्री करायला मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर लावा. काळी पिन लांब वायरने बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन मागच्या होल्डरच्या पत्र्याला लावा आणि एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. ही तपासणी दिवा चालू ठेवूनच करायची. नुसतं ‘बीप’ वाजवून पाहिलं तर तारेचा एक धागा शिल्लक असला तरी बीप वाजतो आणि आपण फसतो. बोल्ट काढा, खालचा रंग-गंज काचकागदाने घासून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून कसा आणि वरून ग्रीस लावा. त्याच वेळी इंजिन आणि चासी यांना जोडणारी जाड पट्टीही पाहून घ्या. ती तुटली असेल तर स्टार्टर रडत फिरतो आणि त्याचा करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जाऊन केबल तापते.

आता झिणझिण्या. हे दुखणं जिवावर बेतणारं आहे. घरच्या विजेत तीन तारा लागतात : फेज, न्यूट्रल आणि अर्थ. फ्रिज किंवा चार्जरमधून थोडी गळती होते किंवा एखादी सोललेली वायर पत्र्याला टेकते. तिसरी तार असेल तर हा करंट तिच्यातून निघून जातो. ती नसेल तर रबरी चाकांमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली, म्हणून अख्खा पत्रा फेजच्या दिशेने चढतो. आतल्यांच्या हातापायाखाली सगळीकडे सारखाच दाब, म्हणून त्यांना काही कळत नाही. खाली उभा असलेला माणूस मात्र पत्रा आणि जमीन यांच्यामधली तार बनतो. ओली माती आणि अनवाणी पाय असले तर झिणझिण्यांचा झटका व्हायला वेळ लागत नाही.

जनरेटरवर झटका का नाही? गावच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीत गाडलेला असतो, म्हणून जमिनीतून परतीची वाट मिळते. छोट्या जनरेटरचं कुठलंच टोक बहुधा जमिनीला जोडलेलं नसतं, त्यामुळे वाट पूर्ण होत नाही. दोष मात्र गाडीत तसाच असतो.

आणि साखळी? टँकरची साखळी घर्षणाने साठलेली स्थिर वीज उतरवायला असते. तिला नाममात्र करंट पुरतो. फ्यूज उडवायला मात्र भरपूर करंट लागतो. हिशोब करा : अर्थिंगचा विरोध 50 ओहम असेल तर 230 व्होल्टला जेमतेम 4.6 ॲम्पिअर वाहतील. 16 ॲम्पिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. कोरड्या डांबरावर लोंबणाऱ्या साखळीचा विरोध तर याच्या कितीतरी पट.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण चैत्रात तिला भेगा पडतात आणि घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पाइपाशी तिचा स्पर्शच सुटतो. पोहरादेवीची यात्रा नेमकी त्याच दिवसांत असते. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत याचसाठी आहे.

तपासणीचा क्रम असा ठेवा. आधी घराकडचा प्लग काढा. ओढलेली वायर दोन तारांची आहे का, टोकाला दोन पिनांचा प्लग आहे का, ते पाहा. बहुतेक दोष इथेच सापडतो. तीन तारांची जाड वायर घ्या. गाडीतल्या बोर्डाची हिरवी (अर्थची) तार घासलेल्या पत्र्यावर बोल्टने कसलेली हवी. मग वायरमनकडून घराच्या सॉकेटचं अर्थिंग 100 वॉटचा बल्ब लावून तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटला पाहिजे. बल्ब मंद पेटला तर अर्थिंग नावापुरतं आहे. बल्ब लावताच घरातला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडला तर घाबरू नका, तो त्याचं काम करतोय. शेवटी एकेक उपकरण बंद करून गळती कुठली ते शोधा.

अर्थिंग मिळत नाही म्हणून कुणी गाडीच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नका. प्लग उलटा बसला किंवा वाटेत न्यूट्रल तुटला, की सगळ्या पत्र्यावर 230 व्होल्ट येतात.

गाडीत वीज शिरते तिथेच 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्याचं ‘टेस्ट’ बटण दर वारीला निघण्यापूर्वी दाबून पाहा. तीन तारांची वायर आणि आरसीसीबी बसेपर्यंत कुणाच्याही घरून लाइट घेऊ नका. एक रात्र बॅटरीच्या दिव्यावर काढा.