गॅसची कुपी कुणाच्या ताब्यात?

पालकहो, १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरी करत असलेला मुलगा. दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला ही बातमी घरचीच वाटावी. त्यानंतर तुमच्या मुलीने किंवा मुलाने नेमबाजीचा हट्ट धरला असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. हा खेळ श्वास आवरायला शिकवतो, हात स्थिर ठेवायला शिकवतो. मला तुमच्याशी बोलायचंय ते सरावाच्या छर्ऱ्याच्या बंदुकीतल्या गॅसबद्दल, कारण नळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि गॅसची कुपी मात्र दप्तरात, डिकीत कुठेही पडलेली असते.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी हातात घेतली आहे. तिच्यात स्प्रिंग असते. नळी मोडून ताणायची, छर्रा घालायचा, चाप ओढायचा, की तिची ताकद संपली. कार्बन डायऑक्साइडवर चालणारं पिस्तूल तसं नाही. त्याच्या मुठीत बोटाएवढी पोलादी कुपी बसते. त्या कुपीत १२ ग्रॅम गॅस असतो, तोही दाबाने द्रव झालेला. २० अंश तापमानाला आतला दाब दर चौरस इंचाला ८३० पौंडांच्या आसपास असतो. आपण मोटारीच्या चाकात ३२ पॉइंट हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. ३० अंशांना हाच दाब हजाराच्या पुढे जातो. ३१ अंश ओलांडले की आत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, आणि न वापरलेल्या भरल्या कुपीतला दाब उष्णतेबरोबर भराभर चढतो. म्हणून अशा कुप्या ४९-५० अंशांच्या वर तापू देऊ नका, अशी सूचना त्यांच्यासोबत दिलेली असते.

आता आपला उन्हाळा आठवा. एप्रिल-मे महिन्यांत शिरूर-दौंडकडे सावलीतच पारा चाळिशी गाठतो. मग उन्हात उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या डिकीत किंवा काचा लावलेल्या गाडीत ४९ अंश कितीसे लांब? सरावाहून आल्यावर मुलं सामान तिथेच टाकून जेवायला बसतात. मुलांना रागवू नका, पण कुप्या तेवढ्या उचलून घरात आणा. पत्र्याच्या खोलीत नको, शेगडीजवळ नको. घरातल्या थंड भिंतीच्या कपाटात ठेवा, आणि किल्ली तुमच्याकडे असू द्या.

कुपी बसवणं हे मोठ्या माणसाचं काम आहे, आणि आधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. स्क्रू आवळला की कुपीचं सील फुटतं, क्षणभर फुस्स होतं. आवाज थांबला नाही तर बोट लावून गळती अडवायची नाही. सुटणारा गॅस इतका थंड असतो की कातडी जळते. कार्बन डायऑक्साइड घट्ट होऊन पांढरा बर्फ बनतो तो उणे ७८ अंशांना, यावरून कल्पना येईल. चुकून लागलंच तर चोळू नका, हळद-टूथपेस्ट लावू नका, कोमट पाणी धरा आणि डॉक्टरकडे न्या.

कुपी काढताना घाई नको. छर्रा नाही याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला धरून उरलेला गॅस चाप ओढून संपवायचा, आणि मगच स्क्रू अगदी थोडा थोडा ढिला करायचा, तोंड बाजूला ठेवून. इथे पालकांचा एक मोठा गैरसमज होतो. कुपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असं वाटतं. तसं नसतं. झडपेत उरलेल्या गॅसवर आणखी एक छर्रा सुटू शकतो, आणि छर्रा नळीत बसलेला असू शकतो. गॅस वेगळा तपासा, छर्रा वेगळा तपासा.

रिकाम्या समजून टाकलेल्या कुप्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्याकडे पाचट पेटतं, उकिरडा पेटतो, होळी पेटते, आणि पोरांना काहीतरी त्यात टाकून बघायचं असतं. सील न फुटलेली कुपी आगीत गेली तर पोलादाचे तुकडे उडतात. टोकाला भोक पडलेलं बघूनच कुपी भंगारात द्या. खिळा ठोकून भरलेली कुपी फोडायचं किंवा तिचं रॉकेट करायचं मुलांच्या डोक्यात येतं. ते त्यांनी करून बघण्याआधी तुम्ही बोला, आणि का नाही तेही सांगा. नुसतं नको म्हटलेलं या वयात टिकत नाही.

शेताच्या राखणीला एअरगन कुणी मागितली तर देऊ नका. मोराची चिंचोली आपल्याच शिरूर तालुक्यात आहे, आणि मोराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

मूल पुढे स्पर्धेला उतरलं तर गॅस बदलेल. १० मीटरच्या स्पर्धांत आता बहुतेक दाबलेल्या हवेच्या रायफली आणि पिस्तुलं असतात, आणि त्यांची टाकी २०० बारपर्यंत भरते. टाकीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची धरतात. ती उलटलेली नाही हे बघणं आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूची जबाबदारी मानली आहे. जुनी बंदूक स्वस्तात मिळतेय म्हणून घ्यायला निघालात, तर किमतीच्या आधी टाकीवर कोरलेली तारीख वाचा. मुदत उलटली असेल तर टाकी नवी घ्या, आणि तोवर जुनी भरू देऊ नका, विकणारा काहीही म्हणो.